पास्टरकाका, तारण आणि पंधरा पैशांचं कार्ड

आमच्या गल्लीत त्यांना सगळे फादर म्हणायचे आणि ते दर वेळी न कंटाळता दुरुस्त करायचे, "फादर कॅथलिक लोकांचे असतेत बापा, मी पाळक हाय, बॅप्टिस्ट पाळक, माही बायको घरी भाकरी थापून राह्यली." समोरचा हो हो म्हणायचा आणि जाताना "येतो फादर" म्हणून निघायचा. मी मात्र पहिल्यापासून पास्टरकाका म्हणायचो, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी मला बिल बनवताना नाव कसं लिहायचं ते सांगितलं होतं.

१९९६ ची गोष्ट. नागपुरात सदरला रेसिडेन्सी रोडच्या मागच्या गल्लीत मी डीटीपीचं दुकान टाकलं होतं, दुकान म्हणजे काय, एक शटर, एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि एक कूलर जो मे महिन्यात नुसता आवाज करायचा. पेजमेकर आणि श्री-लिपीवर लग्नपत्रिका, तेरवीची कार्डं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची पत्रकं, पोरांचे प्रोजेक्ट, जे येईल ते. पास्टरकाका आले ते कापडी पिशवीत फुलस्केपचा हा एवढा गठ्ठा घेऊन. निळ्या शाईत मजकूर, त्यावर लाल शाईत दुरुस्ती, त्यावर पेन्सिलीनं परत दुरुस्ती. इंग्रजीतला ख्रिस्ती धर्मशास्त्राचा एक जाडजूड ग्रंथ ते मराठीत आणत होते आणि तो टाइप करून पाहिजे होता. पानाला काय घेतो, म्हणे. मी पंधरा रुपये सांगितले, ते म्हणाले बारा कर, किती पानं आहेत ते पाह्य ना. मी पाह्यलं आणि बारा केले. त्या गठ्ठ्यानं पुढची साडेचार वर्षं माझ्या दुकानाचं भाडं काढलं हे आता कबूल करायला हरकत नाही.

माणूस मूळचा अचलपूरकडचा. त्या पट्ट्यात, अमरावती जिल्ह्यात, बॅप्टिस्ट मंडळ्या, म्हणजे चर्चं, आहेत, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. बोलणं अस्सल वऱ्हाडी, पण लिहायला बसले की भाषा एकदम स्वच्छ, आणि मला वाटायचं ही दोन वेगळी माणसं आहेत. ते म्हणायचे दोन नाही तीन. एक रविवारी उभा राहून बोलतो, दुसरा खोलीत बसून बोलतो आणि समोर कोणीच नसते, तिसरा बोलतच नाही, दुसऱ्याचं बोलणं उतरवतो.

खोलीत बसून बोलणारा म्हणजे रेडिओवाला. आपल्याकडे तेव्हा रेडिओ म्हणजे आकाशवाणी, सरकारी, नागपूर केंद्र १९४८ पासूनचं, आणि तिथे कुठल्या पंथाला वेळ विकत घेऊन रोजचा उपदेश लावता यायचा नाही. म्हणून हे कार्यक्रम बाहेरून यायचे. हिंदी महासागरातल्या सेशल्स बेटांवर फेबा म्हणून एका ख्रिस्ती संस्थेचं शॉर्टवेव्ह केंद्र होतं, १९७० ला सुरू झालेलं, तिथून भारतीय भाषांतले कार्यक्रम इकडे सोडत. नागपूरपासून सेशल्स साधारण ३८०० किलोमीटर. म्हणजे बघा, काका आपल्या खोलीत बोलणार, ते स्पूलवर, म्हणजे टेपच्या रिळावर जाणार, स्पूल पार्सल होऊन आधी आपल्याच देशातल्या एका स्टुडिओत, तिथून समुद्रापार, आणि मग काही आठवड्यांनी तोच आवाज आकाशातल्या कुठल्याशा थराला आपटून परत खाली आर्वी नाहीतर पांढरकवड्याच्या एखाद्या ट्रान्झिस्टरमध्ये. शेजारच्या गावाशी बोलायला एवढा वळसा. मी म्हटलं काका, एसटीनं गेला असता तर स्वस्त पडलं असतं. ते म्हणाले, एसटीनं जाऊन बी बोललो बेटा, पण एसटीनं गेलं की लोक पाह्यतेत कोण आलं, कोणाच्या घरी उतरलं, कोणाकडचं पाणी पेलं. रेडिओ रात्री कानाशी लावून ऐकता येते.

हे वाक्य मला तेव्हा नुसतं चटपटीत वाटलं होतं. नंतर कळलं त्यात काय काय आहे ते.

रेकॉर्डिंग एकदा पाहिलं मी. तोवर स्पूल जाऊन कॅसेट आली होती. एप्रिलचा शेवट, पहाटे चार, कारण त्याच्यानंतर दूधवाला, भाजीवाला, इतवारीकडे जाणारे टेम्पो सगळं सुरू होतं. खिडकीला गोधडी, दाराला गोधडी, टेबलावर चादरीची घडी म्हणजे कागद ठेवल्याचा आवाज येऊ नये, आणि पंखा बंद. नागपूरच्या एप्रिलात पंखा बंद करून पंधरा मिनिटं म्हणजे काय ते नागपूरवाल्यालाच सांगावं लागत नाही. काका बनियनवर, खांद्यावर टॉवेल, आणि समोर कागद. सुरुवातीचं संगीत आणि शेवटचा पत्ता सोडून बोलायला बारा मिनिटं मिळायची. त्यांचा हिशेब पक्का होता, त्यांच्या अक्षरातलं एक फुलस्केप पान म्हणजे साडेतीन मिनिटं. वाचत नव्हते ते, बोलत होते, समोर भिंतीवर कॅलेंडर होतं त्याच्याशी. मधेच थांबायचे, मागे जायचे, एकच वाक्य तीनदा. एका वाक्याला ते अडले, परत अडले, मग पेन घेऊन ते वाक्यच कापलं आणि म्हणाले, "श्वास पुरत नाही याले. ज्याले श्वास पुरत नाही ते खोटं असते."

आता हे काही पूर्ण खरं नाही, लांब वाक्यं खरीही असतात, मी स्वतः लांबच लिहितो हे दिसतंच आहे. पण त्यांचा सगळा अनुवाद या एका कसोटीवर चालायचा. धर्मशास्त्राचा ग्रंथ, इंग्रजी वाक्य सात ओळींचं, त्यात चार कंस, आणि काका ते तोडून तोडून मोठ्यानं म्हणून बघायचे, माझ्या दुकानात उभं राहून, लग्नपत्रिकेचं प्रूफ बघायला आलेल्या वधूपित्याच्या देखत. तोंडाला अडलं की लाल शाई.

आणि आता कार्डाची गोष्ट.

त्यांच्याकडे पत्र्याची एक ट्रंक होती, श्रोत्यांच्या पत्रांची. बहुतेक पोस्टकार्डं, पंधरा पैशांची. कार्यक्रम आवडला, आवाज नीट येत नाही, माझ्या मुलीसाठी प्रार्थना करा, एक रेडिओ पाठवा. त्यातलं एक कार्ड यवतमाळकडच्या एका शेतकऱ्याचं, १९८० च्या दशकातलं. मजकूर साधारण असा होता: तुम्ही रेडिओवर सांगता की तारण फुकट मिळते, आमची जमीन सावकाराकडे आहे, तरी तारण कोणत्या कागदावर मिळते आणि किती दिवसांत मिळते ते कळवावे.

मराठी ख्रिस्ती लोकांच्या भाषेत तारण म्हणजे पापातून सुटका, तारणारा म्हणजे येशू. दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा रुळलेला शब्द, उपासनेत, गीतांत, सगळीकडे. पण मंडळीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की तारण म्हणजे काय? सीताबर्डीवर जाऊन बघा, पाट्याच पाट्या आहेत, सोनेतारण, तात्काळ कर्ज. वस्तू अडकवली की ते तारण. म्हणजे एकच शब्द, आत सुटका आणि बाहेर अडकणं. आणि हा माणूस रात्री ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकतोय की कोणीतरी म्हणतंय तारण मोफत आहे, सर्वांसाठी आहे, आजच स्वीकारा.

काका सांगत होते, पहिल्यांदा कार्ड वाचलं तेव्हा हसू आलं. काकूला वाचून दाखवलं, ती नाही हसली. ती म्हणाली, त्यानं बराबर विचारलं, तुमीच बरोबर नाही सांगितलं. मग त्यांना रात्रभर झोप नाही. दहा वर्षं मी हा शब्द हवेत सोडून राह्यलो, म्हणे, अन् एकानं बी आजवर विचारलं नाही, म्हणजे बाकीच्यांनी काय समजून घेतलं असंन?

पुढच्या खेपेच्या कार्यक्रमात त्यांनी तारण हा शब्द घेतलाच नाही. गहाण सोडवण्यावर बोलले. सावकाराकडे पडलेली वस्तू दुसऱ्या कोणी पैसे भरून सोडवून आणली तर कसं वाटेल तुम्हाला, असं. आणि गंमत अशी की बायबलाचा दुसरा भाग, नवा करार, मूळ ग्रीकमध्ये आहे आणि त्यात सोडवणुकीचा जो शब्द आहे तो पण बाजारातलाच, गुलाम किंवा कैदी किंमत मोजून सोडवायचे त्यातला. म्हणजे त्या शेतकऱ्यानं चुकून जे ऐकलं ते मूळाच्या जास्त जवळ होतं. काकांनी त्याला वेगळं पत्रही लिहिलं, सविस्तर, तीन पानी. त्याचं उत्तर आलं, परत पंधरा पैशांचं कार्ड. दोनच ओळी. पत्र मिळाले, जमीन अजून तिकडेच आहे, कार्यक्रम ऐकतो.

पहिलं कार्ड ट्रंकेत होतं. हे दुसरं त्यांच्या बायबलमध्ये असायचं. कोणी विचारलं की दाखवायचे पण त्यावर उपदेश करायचे नाहीत, आणि पाळक माणसाला हातातल्या गोष्टीवर उपदेश न करणं किती अवघड असतं ते मी साडेचार वर्षांत पाहिलं आहे.

तर मला हे सगळं का लिहावंसं वाटलं, तर मी तोवर समजत होतो की अनुवाद म्हणजे डिक्शनरी. ज्याला दोन भाषा येतात तो करतो. काकांना इंग्रजी बरं यायचं, ग्रीक थोडंफार, पण ते म्हणायचे खरी अडचण मराठीची आहे, कारण मराठी शब्द आपले नाहीत, ते आधीच कोणाच्या तरी घरी नांदून राह्यले. खंडणी घ्या. मराठी बायबलात येशू आपला जीव खंडणी म्हणून देतो असं आहे. शिवकालीन वाचलेल्याला कळेल. मी टाइप करता करता म्हटलं, काका हे काय, खंडणी तर गुंड मागतात, कालच पेपरात आहे. ते उठून उभे राहिले, पेपर मागितला, बातमी पूर्ण वाचली, आणि म्हणाले घ्या, हा बी गेला.

सगळ्यात मजा बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट लोकांचा सगळा जीव ज्या शब्दात, तो शब्दच ग्रीक, जसाच्या तसा उचललेला. मूळ अर्थ बुडवणं. बॅप्टिस्टांचं म्हणणं असं की तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडणं हा बाप्तिस्मा नव्हे, कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवून, स्वतः सांगून, पूर्ण पाण्यात जाऊन तो घ्यायचा. मग अनुवाद करताना सरळ बुडवणं असंच का लिहू नये? बंगालमधल्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात तसं केलंही, आणि त्यावरून १८३० च्या दशकात एवढं वाजलं की बायबल सोसायटीनं त्या छपाईला पैसे द्यायचं नाकारलं आणि इंग्लंडच्या बॅप्टिस्टांनी १८४० मध्ये आपली वेगळी बायबल ट्रान्सलेशन सोसायटी काढली. एका क्रियापदासाठी. मी काकांना विचारलं, तुम्ही काय लिहिणार? ते म्हणाले, मराठीत बुडवणं म्हणशील तर धंदा बुडतो, पतसंस्था बुडते, उधारी बुडवतेत. पाळकानं चाळीस जणांले बुडवलं असं छापून आलं तर पोलीस येईन. बाप्तिस्माच राहू दे.

एक बाप्तिस्मा मी पाहिला, कन्हानच्या पात्रात, कारण काकांची लुना बंद होती आणि मी स्कूटरवर सोडायला गेलो. रेल्वेतला एक पन्नाशीचा माणूस होता. पांढरा सदरा-पायजमा, कमरेएवढं पाणी, काका बाजूला उभे, एक हात त्याच्या पाठीला, एक हात नाकावरच्या रुमालाला. विचारलं काहीतरी, त्यानं होय म्हटलं, आणि क्षणात आडवा करून आत आणि वर. झालं. वर आला तो ठसका लागून, सदरा अंगाला चिकटलेला, आणि काठावर त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती आणि डोळे पुसत होती, दोन्ही. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल, मंत्रबिंत्र. ते ठसका लागणं मात्र डोक्यात राहिलं.

घरी येऊन आजीला सांगितलं. आम्ही नागपुरातल्याच इंदोऱ्याचे. आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होती, कडेवर माझी आत्या आणि पांढरं लुगडं, जे तिनं त्या दिवसासाठी बाजारातून उधारीवर आणलं होतं. मी शाळेत असताना तिच्याकडून बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ ऐकलेल्या आहेत. तिला मिशनवाल्यांबद्दल एक संशय होता, तो तिच्या पिढीत अनेकांना होता, तो काही सगळा निराधार होता असंही नाही. पण काका एकदा पैसे द्यायला घरी आले, बसले, चहा झाला, आणि आजीनं सरळ विचारलं, तुमच्यात पोरगं जन्मलं की पाणी शिंपडतेत ना. काका म्हणाले, "आमच्यात नाही मावशी. ते मोठं होऊन सोताच्या तोंडानं म्हणंन तवाच. नाही म्हटलं तर नाही."

आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "मंग बरं हाय. आमी बी सोताच्याच तोंडानं म्हणलो."

त्यानंतर ते येताना तिच्यासाठी बडीशेपेच्या गोळ्या आणायचे. दोघांचं कधी एकमेकांच्या धर्माबद्दल परत बोलणं झालं नाही, गुडघेदुखीबद्दल मात्र तासन्‌तास.

या गावाचं हे एक आहे बघा. इथे माणसं धर्म या गोष्टीवर नुसती भांडलेली नाहीत, ठरवून काहीतरी केलेलं आहे. नागपूर जुन्या मध्य प्रदेशची राजधानी असताना मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला १९५४ ला सरकारनं समिती नेमली, अध्यक्ष निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी, १९५६ ला अहवाल आला आणि तो मिशनऱ्यांवर भलताच कडक होता. आणि त्याच ऑक्टोबरात त्याच नियोगींनी इथेच, बाबासाहेबांच्या त्या सोहळ्याच्या वेळी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्यांच्या धर्मांतराची चौकशी करणारा माणूस स्वतः धर्म बदलतो, एकाच वर्षात, एकाच शहरात. कादंबरीत लिहिलं तर लोक म्हणतील ओढूनताणून आणलं. काकांना ही गोष्ट फार आवडायची, त्यात नियोगींना टोमणा मारायचा म्हणून नाही, उलट ते म्हणायचे, त्या माणसानं प्रश्न सीरियसली घेतला.

त्यांचा स्वतःचा असा एक दिवस होता, २९ नोव्हेंबर १९७०. सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात उत्तर भारतातली सहा चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, अँग्लिकन, मेथडिस्ट, ब्रदरन असे, आणि त्यात उत्तरेकडच्या बॅप्टिस्टांची कौन्सिलसुद्धा. बाळाचा बाप्तिस्मा पण मान्य आणि मोठ्यांचा पण मान्य असा तोडगा. काका विशीत होते, अमरावतीहून एसटीनं आले होते बघायला, मागे उभे होते. त्यांची मंडळी त्यात नव्हती. मित्र त्यात गेले. मला वाटलं ते यावर काहीतरी ठाम बोलतील, चूक म्हणतील नाहीतर बरोबर, पण ते फक्त म्हणाले गाणं लई चांगलं झालं, अन् येताना बस चुकली.

आता केरी. विल्यम केरीचं नाव निघाल्याशिवाय काकांचा एक आठवडा जायचा नाही. इंग्लंडमधला जोडे शिवणारा पोरगा, बॅप्टिस्ट पाळक झाला, १७९३ ला बंगालमध्ये उतरला, तिथल्याच, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला (सेरामपूर) छापखाना टाकला. महाराष्ट्रात कधी पाऊल नाही ठेवलं आणि तरी १८०५ ला मराठीचं व्याकरण छापलं, १८१० ला कोश, तोही मोडी अक्षरांत, १८११ ला मराठी नवा करार. हे कसं जमलं? तर कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात त्यांच्या हाताशी एक मराठी पंडित होते, वैजनाथ शर्मा, आणि हे वैजनाथपंत कुठले, तर आपल्या नागपूरचे. म्हणजे मराठी छापील गद्य जेव्हा रांगायला लागलं तेव्हा त्याचं बोट नागपूरकराच्या हातात होतं. पुढे मुंबईतल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती भाषा काही आपल्या लोकांना चालेना म्हणून त्यांनी स्वतःचा वेगळा नवा करार केला, १८२६ मध्ये. काका म्हणायचे, तिकडच्यांले आपली भाषा तवापासूनच समजत नाही, त्यात नवीन काय.

केरीला एका जेवणाच्या पंगतीत कोणीतरी खोचकपणे विचारलं म्हणे, तुम्ही जोडे बनवायचे ना? तर तो म्हणाला, नाही, बनवायचो नाही, फक्त दुरुस्त करायचो. हे आजीला सांगितलं तर तिनं मांडीवर थाप मारली. पण काका केरीचं सगळंच गोड सांगायचे नाहीत. बायको डोरोथी, जिला यायचंच नव्हतं, इथे आली, एक पोरगं इथे गेलं, डोकं फिरलं तिचं, आणि हा माणूस पलीकडच्या खोलीत अनुवाद करत बसलेला. त्याचा अनुवाद वाचतो तर मले तिचा आवाज येते, असं एकदा म्हणाले आणि काकू आतून म्हणाली, बरं झालं निदान तिचा तरी येते.

१८१२ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली, कागद, छपाईच्या अक्षरांचे खिळे, कित्येक भाषांतली हस्तलिखितं, मोठा कोश, सगळं गेलं, आणि केरीनं परत सुरू केलं. हे मला कळायचं कारण म्हणजे माझा चहा. १९९८ च्या पावसाळ्यात मी अख्खा कप फ्लॉपीच्या डब्यात सांडला आणि कॉम्प्युटरची हार्ड डिस्क त्याच्या दोनच दिवस आधी बंद पडलेली होती. तीन प्रकरणं गेली. मूळ कागद होते त्यांच्याकडे, पण प्रुफावरच्या दुरुस्त्या कुठेच नव्हत्या, चार महिन्यांच्या. आता तुम्हाला वाटेल ते संतासारखे हसले. अजिबात नाही. पिशवी उचलली आणि गेले, नऊ दिवस आले नाहीत. दहाव्या दिवशी आले, स्टुलावर बसले, केरीची गोष्ट सांगितली सगळी, आणि शेवटी म्हणाले, "त्याच्याकडे निदान आग लागली होती. आपलं तर चहात गेलं बे. हे कोणाले सांगाव?"

ग्रंथ पूर्ण झाला. छापणाऱ्यांकडून पत्र आलं की अनुवाद चांगला आहे पण अनुवादकानं जागोजागी तारण ऐवजी सुटका शब्द घातला आहे, तो रूढ नाही, पाळकवर्गाला चालणार नाही, तरी सर्वत्र तारण करावे. मला राग आला. काका म्हणाले, मंडळी त्यांची हाय, त्यांचं बी खरं हाय, दीडशे वर्षं लोक ज्या शब्दावर रडले तो शब्द मी एकटा कसा बदलू? पण आवाज पडला होता. आणि मग मी फाइंड-रिप्लेस चालवलं. सुटकेची ऐवजी तारणाची, सुटकेसाठी ऐवजी तारणासाठी, असं एकेक कोण करत बसणार, म्हणून सुटके या अक्षरांच्या जागी तारणा, एका दणक्यात. प्रिंट काढली, काकांनी प्रस्तावनेपासून वाचायला घेतली, आणि थांबले. चष्मा काढला. परत लावला. प्रस्तावनेत एक किस्सा होता, एक म्हातारा मिशनरी रात्रीच्या गाडीतून हातात सुटकेस घेऊन स्टेशनवर उतरतो असा. माझ्या प्रतीत तो हातात तारणास घेऊन उतरत होता.

हसले म्हणजे इतके हसले की खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. डोळे पुसत म्हणाले, "राहू दे बे. तेच घेऊन आले होते बिचारे."

राहू दिलं नाही अर्थातच, दुरुस्त केलं. पुस्तक आलं, अनुवादकाचं नाव पहिल्या पानाच्या मागे, कॉपीराइटच्या खाली, एकदम बारीक. ते टाइप मीच सेट केलं होतं, पॉइंट साइज छापणाऱ्यांनी ठरवून दिला होता. मी म्हटलं काका, पंडिता रमाबाईंनी एवढं हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत केलं, केडगावला मुक्ती मिशनमधल्या बायांनीच खिळे जुळवले, छापलं, पण कंपोझ करणाऱ्या त्या बायांची नावं तरी कोणाला माहीत आहेत? म्हणजे माझ्या धंद्यातल्या लोकांचं हे असंच असतं, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता. ते म्हणाले मले वाईट वाटून नाही राह्यलं, तुलेच वाटून राह्यलं.

सेशल्सचं केंद्र २००३ मध्ये बंद झालं. तोवर टीव्ही घरोघरी होता आणि ट्रान्झिस्टरवर शॉर्टवेव्हचा पट्टा आहे की नाही हेही लोक बघत नव्हते. काका त्यानंतरही पहाटे चारला उठायचे, सवयीनं. २०१२ च्या उन्हाळ्यात गेले. ट्रंक काकूंकडे, आणि काकू आता मुलीकडे, लांब.

लॉकडाउनमध्ये माझं दुकान पाच महिने बंद होतं. लग्नपत्रिका कोण छापणार, पन्नास माणसांत लग्न. तेव्हा आजीच्या पाटल्या सीताबर्डीवर ठेवल्या. सोडवायला पुढची दिवाळी उजाडली. काउंटरवर एक पोरगी होती, मास्क लावलेला, कॉम्प्युटरवर मान घालून, वर न बघता विचारलं, "ठेवायचं की सोडवायचं?"

मी म्हटलं, "तारण सोडवायचं आहे." आणि मला हसू आलं, चांगलं मोठ्यानं, मागच्या रांगेतला माणूस बघायला लागला.

"पावती द्या," ती म्हणाली.

पावती शर्टाच्या खिशात होती, घामानं ओली झालेली. मी ती काचेखालून आत सरकवली.